बडोद्यात नव्यानं राहायला येताय? आधी ओळखीचे शब्द तपासा

सामान वर चढवून झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दांडिया बाजारातलं जुनं घर, दुसरा मजला, आणि जिना इतका अरुंद की कपाट दोर लावून खिडकीतून ओढून घ्यावं लागलं. समोरच्या बेन हातात झाकलेलं ताट घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "जम्या?" मला वाटलं, जमलं का सगळं, असं विचारतायत. घाम पुसत मी म्हटलं, "हो हो, जमलं!" त्या हसल्या, "सारुं, सारुं" म्हणाल्या आणि ताट घेऊन परत गेल्या.

गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. त्या रात्री आम्ही चौघांनी एक बिस्किटाचा पुडा संपवला.

सांगलीहून येऊन आता बारा वर्षं झाली. नवीन बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब भेटलं की मी त्यांना हेच सांगते: गुजरातीतला अनोळखी शब्द काही बिघडवत नाही. बारणुं, चोपडी, अहीं-क्यां काहीतरी कानावर आलं की आपण थांबतो, विचारतो, समोरचा सांगतो. गोंधळ होतो तो ओळखीच्या शब्दानं, कारण तिथं विचारावंसंच वाटत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते शब्दकोश म्हणून वाचू नका. ज्या क्रमानं तुमची गाठ पडेल त्या क्रमानं लिहिलंय.

तिकीट काढतानाच सुरुवात होते म्हणा. आपण बडोदा म्हणतो, जुनी माणसं बडोदे लिहितात, हिंदीत बड़ौदा, आणि १९७४ पासून सरकारी नाव वडोदरा. रेल्वेचा कोड मात्र अजून जुन्या नावाला धरून आहे, बीआरसी. नावात वड आहे, वडाचं झाड. तेव्हा घरमालकाशी बोलताना बडोदा, करारावर वडोदरा, एवढं पाळलं की पुरे.

पहिला दिवस: एकेका अक्षराचे शब्द

सगळ्यात आधी हे बारके शब्द कानात बसवा. लहान शब्दच जास्त फसवतात. ते इतक्या झर्रकन जातात की मेंदू त्यांना मराठीच समजून पुढं सरकतो.

शुं म्हणजे काय. आमचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. बालवाडीच्या पहिल्या दिवशी तो रडत काहीतरी पुटपुटला, तर तिथल्या बेननी वाकून प्रेमानं विचारलं, "शुं?" हा म्हणाला, "नाही आली." त्यांनी परत विचारलं, "शुं, बेटा?" हा आणखी जोरात, "नाही आली म्हटलं ना!" दुपारी मला हे सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्या अजूनही कोड्यात होत्या, कोण यायचं राहिलं म्हणून.

शी हेही त्याच कुळातलं. "शी खबर?" असं कुणी म्हटलं तर नाक मुरडलेलं नाही, "कोण जाणे" एवढंच म्हटलंय.

ना म्हणजे नाही. आपण प्रत्येक वाक्याला ना जोडतो: "तुम्ही येणार ना?", "पाणी आलंय ना?" गुजराती कानाला त्यातला नकारच आधी ऐकू येतो. त्यांना आपल्या त्या 'ना'च्या जागी ने लागतो: "आवशो ने?" आणि हाच ने नावाला चिकटला की त्याचा अर्थ 'ला' होतो. "रमेशने बोलावो" म्हणजे रमेशला बोलवा. मराठी डोक्यात मात्र रमेशनं कुणाला तरी बोलावलेलं असतं. आमच्या ह्यांनी ऑफिसात पहिल्या आठवड्यात अशा दोन-तीन निरोपांची दिशाच उलटी केली. ज्याला बोलवायचं त्यालाच जाऊन विचारायचे, "काय काम होतं?"

वाक्याच्या शेवटी हों आलं तर ते आपलं हो नाही. ते 'बरं का' आहे. "आवजो हों" म्हणजे "या बरं का", आणि हे निरोप घेतानाच म्हणतात. आवजो ऐकून परत आत जाऊन बसू नका.

दुसरी पायरी: रिक्षा आणि रस्ता

रिक्षावाल्याला "खाली आहे का?" विचारलंत तर चालून जाईल, कारण तिथं खालीचा अर्थ रिकामी. पण मुलाला "खाली बस" म्हटलंत तर समोरच्याला वाटेल, नुसता बस, रिकामा बस. खालचं सांगायचं तर नीचे म्हणा. दुकानात कुणी "खाली जोवा आव्यो छुं" म्हणालं तर तो तळघर बघायला आलेला नाही, नुसता बघायला आलाय.

"ऊभा रहो" म्हणजे थांबा. मी बँकेत खुर्चीवर बसले होते, खिडकीतल्या माणसानं "बेन, ऊभा रहो" म्हटलं आणि मी उठून उभी राहिले. पाच मिनिटं. तो बघतोय, मी बघतेय.

डावं म्हणजे डाबुं, ते सोपं आहे. उजवं म्हणजे जमणुं. ज्या हातानं जमतात तो जमणा, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं आणि मग कधी चुकले नाही. मुख्य रस्त्यावरून आत वळणारी बोळ म्हणजे खांचो. कुणी "खांचामां वळो" म्हणालं तर खाचखळगा शोधू नका, गल्लीत वळा. मांडवीच्या आसपासच्या जुन्या वस्तीत पोळ भेटतील, म्हणजे एका तोंडाची, आत घरांची दाटी असलेली वस्ती. आपल्याकडं पोळ म्हणजे देवाला सोडलेला वळू. आमच्या ओळखीत पोळ आडनावाचं एक कुटुंब आहे. त्यांना कुठंही आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कई पोळ?" ते आता थेट पत्ताच सांगतात.

तिसरी पायरी: किराणा, भाजी, गिरणी

इथं सावकाश वाचा. रोजचं काम आहे आणि चूक पिशवीतून घरी येते.

साखर मागायची तर खांड म्हणा. साकर म्हटलंत तर खडीसाखर मिळेल. मी एक किलो साकर मागितली तेव्हा दुकानदारानं दोनदा विचारलं, "साकर के खांड?" आणि मी ठामपणे साकरच म्हटलं. घरी चहाच्या पातेल्यात खडे वाजायला लागले तेव्हा कळलं.

मीठ मीठुंच आहे, पण गोड या अर्थानंही मीठुं, आणि स्त्रीलिंगी वस्तू गोड असली की मीठी. चहा देताना कुणी "मीठी छे?" असं विचारलं तर दचकू नका, मिठी मारायचा कुणाचा विचार नाही. गोडाला दुसरा शब्द गळ्युं. हा ऐकला की मला कायम काहीतरी गळतंय असं वाटायचं.

पीठ मागू नका. गुजरातीत पीठ म्हणजे पाठ. पीठ हवं तर लोट, आणि तो दळून आणायचा तर गिरणीत नाही, घंटीवर. आमच्या गल्लीतल्या घंटीवर आवाज इतका की कुणी घंटा वाजवली तरी कळणार नाही, पण नाव घंटी. तांदूळ म्हणजे चोखा. मूग म्हणजे मग. यातून एक संवाद मी स्वतः केलाय. दुकानदार म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही." तो मूग द्यायचे का विचारत होता, मी यादी संपली असं सांगत होते.

शेंगदाण्याला शींग म्हणतात. पलीकडच्या भरूचची खारी शींग नावाजलेली आहे, आणली तर नक्की खा. ऐकताना बैलाचं शिंग डोळ्यापुढं येईल, ते आठवडाभरात जातं. शेरडीचा रस मात्र मला महिनाभर पिववला नाही. आमच्या सांगलीकडं शेरडं म्हणजे शेळ्या. गाडीवर "शेरडीनो रस" अशी पाटी आणि बाजूला उसाच्या मोळ्या. डोळे ऊस म्हणतायत, कान ऐकत नाहीत.

केरी म्हणजे आंबा, कच्चाही आणि पिकलाही. "केरीनो रस" म्हणजे आमरस. कैरीचं पन्हं समजून 'नको, आंबट असेल' म्हणाल तर उन्हाळ्यातलं एक चांगलं जेवण हुकेल. भाखरी म्हणजे गव्हाची, जाडसर, तव्यावर दाबून खरपूस केलेली. आपली बाजरीची भाकरी हवी तर रोटलो मागायचा. आणि आपण रोज करतो ती पोळी म्हणजे रोटली. भाजी म्हटलं तर समोर पालेभाजी येते. सगळ्या भाज्यांना, रस्सा असो की कोरडी, शाक म्हणतात. आमचे घरमालक पंचाहत्तरीचे, चार पिढ्या बडोद्यात, मराठी घरचे. तेही विचारतात, "आज शाक काय केलंत?" हे गुजराती नाही आणि आपलंही नाही, हे बडोद्याचं मराठी आहे. मला आता ते फार आवडतं.

रंगांचं चटकन सांगते. लीलो म्हणजे हिरवा, निळा नाही. आणि निळसर आभाळी रंगाला वादळी म्हणतात. साडीच्या दुकानात "वादळी रंग बतावुं?" विचारलं तर घाबरू नका. लीलो म्हणजे ओला, ताजा असंही होतं. बडोद्याचा लीलो चेवडो बटाट्याचा आणि हरभराडाळीचा, मऊ, ओलसर. आपल्या चिवड्यासारखा कुरकुरीत समजून घ्याल आणि नरम पडलाय म्हणून परत करायला जाल. आमच्या घरात तसं झालंय.

एक गोष्ट उलट्या बाजूची. सेव उसळ. नाव आपलंच, उसळही आपलीच वाटते, पण मोड आलेली मटकी शोधू नका. ती वाळल्या पांढऱ्या वाटाण्याची असते, वर तिखट तरी, शेव, कांद्याची पात आणि सोबत पाव. गायकवाडांच्या राज्यात मराठी शब्द इथं येऊन राहिले आणि त्यांनी इथलं वळण घेतलं. ती उसळ घरी आमच्या उसळीशी ताडून बघायच्या भानगडीत पडू नका, दोघींवरही अन्याय होईल.

चौथी पायरी: दवाखाना

ही पायरी गमतीची नाही, म्हणून वेगळी लिहितेय. दवाखान्यात जाण्याआधी हे चार-पाच शब्द कागदावर लिहून ठेवा.

तुम्ही म्हणता डोकं दुखतंय. गुजरातीत डोक म्हणजे मान. डॉक्टर मान वळवून बघतात, तुम्ही चक्रावता. डोक्याला माथुं म्हणा. मान हा शब्द त्यांच्याकडं आदरासाठी आहे, "मान दुखतेय" म्हटलंत तर अपमान झालाय असं वाटेल. पायाला पग.

ताप आलाय म्हणालात तर तो उन्हाचा ताप किंवा आच. अंगात आला की तो ताव. आपण श्रीखंडावर ताव मारतो, इथं ताव आला की श्रीखंड बंद. जुलाबांना झाडा म्हणतात. औषधाच्या दुकानात "झाडा थया छे?" असं विचारलं तर ती चौकशी झाडांची नाही आणि झाडाझडतीही नाही.

भूल या शब्दाची गोष्ट सांगायलाच हवी. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकावर, शेजारी दुसऱ्या पेशंटची बायको, गुजराती. तिनं विचारलं, काय चाललंय आत? मी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हटलं, "डॉक्टरांनी भूल दिली." ती उडालीच. गुजरातीत भूल म्हणजे चूक. "भूल? केवी भूल?" करत ती नर्सला बोलावायला निघाली. मला वाटलं तिच्या माणसाचं काही झालं, म्हणून मीही तिच्यामागं. नर्सला दोघींना बसवून पाणी द्यावं लागलं. तिथं एनेस्थेशिया म्हणा. इंग्रजी शब्द आहे, पण त्याला दुसरा अर्थ नाही, आणि दवाखान्यात तेच हवं असतं.

काही जण म्हणतात, कशाला हे सगळं, हिंदीत बोलावं. बोला, बडोद्यात हिंदी सगळ्यांना कळतं. पण हिंदीचेही सापळे आहेत. शाळेत जाऊन "मुलाच्या शिक्षेबद्दल बोलायचंय" असं हिंदी वळणानं म्हणालात तर गुजराती आणि मराठी दोन्ही कानांना ती छडीच ऐकू येते. हिंदीत तेवढी ती विद्या. मला विचाराल तर पहिले सहा महिने मोडकंतोडकं गुजरातीच बोला. चूक झाली तर ती समोरच्यालाही कळते आणि तो दुरुस्त करतो. हिंदीत झालेली चूक दोघांनाही कळत नाही.

पाचवी पायरी: शेजार

शेजारच्या बेननी एखाद्या कामासाठी विचारलं, "तमने फावशे?" तर त्या टोमणा मारत नाहीयेत. आपल्याकडं एखाद्याचं फावलं म्हणजे त्यानं संधी साधली. त्यांच्याकडं फावशे म्हणजे जमेल का, सोयीचं आहे का. म्हणजे बघा, आपलं जमेल ते त्यांचं फावशे, आणि त्यांचं जमवुं ते आपलं जेवण. एकदा कागदावर आडवं-उभं लिहून काढा, मग पक्कं बसतं.

"खोटुं ना लगाडता" असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ, वाईट वाटून घेऊ नका. कुणाला खोटुं लाग्युं म्हणजे ते माणूस दुखावलंय. मी पहिल्या वर्षी एकीला "मला खोटं वाटलं" असं म्हणाले, म्हणजे तिची बातमी खरी वाटली नाही, इतकंच. ती दोन दिवस माझी समजूत काढत होती, आणि मी तिची बातमी खरी आहे हे मान्य करत होते. वांधो नहीं म्हणजे हरकत नाही. यात आपले वांधे होत नाहीत.

लग्नाच्या पत्रिकेवर स्थळ म्हणून कुठल्यातरी वाडीचं नाव असेल. गावाबाहेरच्या वस्तीवर जायचंय असं समजून मी दुपारीच निघायची तयारी केली होती. वाडी म्हणजे समाजाचं कार्यालय, घरापासून दहा मिनिटांवर होतं. आणि कुणी तुम्हाला विचारलं, "तमारा वर क्यां छे?" तर वरच्या मजल्याकडं बोट दाखवू नका. नवरा कुठाय, असं विचारलंय.

सहावी पायरी: तुमची नावं, त्यांची नावं

पहिल्या आठवड्यात तुमच्या नावाला भाई किंवा बेन लागेल. लागू द्या. त्यात आपुलकी आणि मान दोन्ही आहेत. मात्र शाळेतल्या शिक्षिकेला सवयीनं बाई म्हणू नका. तिथं बाई म्हटलं की घरकामाची बाई डोळ्यापुढं येते. त्याही बेनच.

नात्यांचे शब्द सगळे एक-दोन अक्षरांचे आणि सगळे फिरलेले. आपल्या खेड्यात बा म्हणजे बाप. इथं बा म्हणजे आई, किंवा आजी. कस्तुरबांना सगळे बा म्हणत ते यामुळंच. बाबो म्हणजे लहान मुलगा, आणि वाक्यात त्याचा बाबा होतो. दवाखान्यात, शाळेत, कुठंही "बाबानुं नाम शुं?" विचारलं तर सासऱ्यांचं नाव सांगायचं नसतं. मी सांगितलंय, आणि ते लसीच्या कार्डावर छापूनही आलं. आई हा शब्द त्यांच्याकडं देवीसाठी, आई खोडियार. आमचे घरमालक म्हणजे नाना. साऱ्या गल्लीचे नाना. गुजरातीत नाना म्हणजे आईचे वडील, आणि नाना म्हणजे लहानही. समोरच्या घरातली नवी सून त्यांना पहिल्यांदा बघून गोंधळली होती, हे 'छोटे' कसे, चांगले सहा फूट आहेत.

राव या शब्दाची बात निराळी. रावपुऱ्यात राहून, सयाजीरावांच्या गावात, राव म्हणजे मान असंच वाटणार. गुजराती वर्तमानपत्रात "लोकोनी राव" असं वाचलं तर ती तक्रार असते. अमुकरावांनी राव केली, असं वाक्यही होऊ शकतं.

आता कामाचं. गुजरातमधल्या पत्त्यावर काढलेल्या आधारवर तुमचं नाव इंग्रजीत आणि गुजरातीत असतं. अनेक फॉर्मांवर तुम्ही इंग्रजीत लिहिता आणि गुजराती आपोआप उमटतं. इथं नीट बघा. माझ्या मैत्रिणीचं आडनाव काळे. इंग्रजी स्पेलिंगवरून एका फॉर्मवर ते गुजरातीत कालेच उमटलं. काले म्हणजे काल, किंवा उद्या. वर्षभर तिच्या नावानं येणारी प्रत्येक पावती उद्याच्या नावानं येत होती. गुजरातीत ळ आहे, आपल्यासारखाच, तो मागून घ्या. चव्हाण, जाधव यांतला आपला दातांवरचा च आणि ज मात्र त्यांच्या उच्चारात नाही. 'च्यव्हाण' ऐकायची सवय करा, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. लेले आडनावाच्या माणसाला फोनवर नाव सांगताना पलीकडून "शुं लउं?" ऐकू येतं, म्हणजे काय घेऊ? कारण ले ले म्हणजे घे घे. यावर उपाय एकच. घरातल्या सगळ्यांची नावं गुजराती लिपीत एका चिठ्ठीवर जाणकाराकडून लिहून घ्या आणि ती पाकिटात ठेवा. लिपी अवघड नाही, देवनागरीवरची रेघ काढली की निम्मी अक्षरं ओळखू येतात.

या शहराला असल्या गोष्टींची जाण फार आधीपासून आहे. महाराज सयाजीराव तिसरे मराठी घरातले, नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले, आणि प्रजा बहुतेक गुजराती. कायद्यातला किंवा कारभारातला एक शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला गेला तर काय होतं, ते दरबाराला चांगलं माहीत असणार. १९३१ साली बडोदे सरकारनं श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु नावाचा कोश छापला, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे शब्द मांडले आहेत. साकर आणि खांड त्यात नसणार, पण धडपड तीच.

शेवटची पायरी: बाळाचं नाव

बडोद्यात मूल झालं तर नाव ठेवताना तीन कानांनी ऐका: मराठी, गुजराती, आणि परदेशातल्या मावशीचा. इथं जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर आहे, त्यामुळं तिसरा कान चैनीचा नाही.

अंशू हे नाव छान, पण गुजराती उच्चारात आंसुच्या जवळ जातं, म्हणजे अश्रू. हेत हे इथं मुलाचं लाडकं नाव, अर्थ माया. मराठी आजीला तो हेतू वाटतो, कुणाचा काय हेतू आहे अशा अर्थाचा. रेवा दोन्हीकडं नर्मदा, दोन्हीकडं गोड. बाहेरचं म्हणाल तर मीरा स्पॅनिशमध्ये 'बघ' असं होतं, ते वाईट नाही. लता म्हणजे स्पॅनिशमध्ये पत्र्याचा डबा, पोलिशमध्ये वर्षं. उमा म्हणजे पोर्तुगीजमध्ये नुसती 'एक'. आई जपानीत प्रेम. बाबा रशियनमध्ये म्हातारी बाई, आणि काका स्पॅनिश लहान मुलांच्या तोंडी काय आहे ते मी इथं लिहीत नाही, डायपर बदलणाऱ्याला विचारा. यादी वाचून नाव रद्द करू नका. जगात कुठं ना कुठं प्रत्येक दोन अक्षरांचा काहीतरी अर्थ निघतोच. फक्त ज्या दोन-तीन भाषांत मूल वाढणार आहे, तिथं हाक मारून बघा. खरंच मारून बघा, गॅलरीत उभं राहून, आणि खालून कोण वर बघतं ते पाहा.

आमच्या मुलीच्या बारशाला समोरच्या बेनच्या सासूबाई आल्या होत्या. त्या कंपालात वाढल्या, १९७२ मध्ये युगांडातून तिथल्या आशियाई लोकांना निघावं लागलं तेव्हा इकडं आल्या. अजून सुरीला कीसु म्हणतात, शेंगदाण्यांना जुगु. त्यांची मोठी बहीणही आली होती. पेढे वाटायला मी आमच्या थोरल्याला हाक मारली, "दादा!" तो आला. समोरच्यांच्या घरातले आजोबाही उठले, कारण गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. आणि खुर्चीत बसलेल्या त्या मोठ्या बहिणीनंही मान वर केली. तिकडच्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण, आणि धाकटी त्यांना कंपालापासून तीच हाक मारत आली होती. तिघं माझ्याकडं बघतायत आणि माझ्या हातात पेढ्यांचा एकच डबा.